मलाही शिष्यवृत्ती मिळाली

मी रत्नागिरीच्या कोर्टात लघुलेखक आहे. न्यायाधीश सांगतात ते आणि पिंजऱ्यातला साक्षीदार बोलतो ते उतरवून घ्यायचं, एवढंच माझं काम. लग्नाआधीपासून हेच करते आहे. एवढ्या वर्षांत कायदा किती कळला ते ठाऊक नाही, पण खोटं बोलणारा माणूस कसा बोलतो ते कानाला बरोबर समजतं. खरं सांगणारा अडखळतो, दिवस विसरतो, मधेच शेजाऱ्याच्या म्हशीची गोष्ट काढतो. पढवून आणलेला साक्षीदार अडखळत नाही. त्याला सगळं आठवतं, आणि दर वेळी त्याच शब्दांत आठवतं.

हा कान घरी आणू नये, असं माझ्या मुलीचं म्हणणं. ती माझी एकुलती एक. कोळीण ‘ताजा आहे हो’ म्हणाली तरी मी माशाचे कल्ले उघडून बघते. रिक्षावाल्याने पुढचा रस्ता बंद आहे असं सांगितलं तर उतरून दुसऱ्याला विचारते. “आई, एकदा तरी कुणावर विश्वास टाकून बघ ना,” असं ती चिडून म्हणायची. हसायचीही. तिच्या बारावीपर्यंत आमच्यात हा हसण्याचाच विषय होता.

बारावीची परीक्षा झाली त्या मे महिन्यात मारुती मंदिराजवळच्या एका हॉटेलात पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाने मार्गदर्शन शिबिर ठेवलं होतं. प्रवेश मोफत, वर चहा-नाश्ता. मुलीच्या सगळ्या मैत्रिणी जाणार होत्या, म्हणून आम्हीही गेलो. दारातच एका मुलाने नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतला, आणि मुलीच्या हातात एक छान कापडी पिशवी दिली. पिशवी फुकट मिळाली तिथेच मी सावध झाले.

बोलायला उभे राहिलेले सर काळा कोट घालून आले होते. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या. आमच्याकडे मे महिन्यात काळा कोट फक्त वकील घालतात, आणि तेही नाइलाजाने. सर बोलायला मात्र फार गोड होते. जग कुठे चाललंय, कोकणातली हुशार मुलं मागे का राहतात, डेटा सायन्स शिकलेल्यांना कंपन्या कशा दारात येऊन घेऊन जातात, हे त्यांनी एकदाही न थांबता सांगितलं. पडद्यावर काचेच्या इमारती आणि हसरी मुलं सरकत होती. फीचा तक्ता आला आणि बघता बघता गेलाही. पण मला घाईने उतरवून घ्यायची सवय. आम्ही आमचं घर बांधलं तेव्हा जेवढा खर्च आला, त्याहून त्या चार वर्षांचा खर्च जास्त होता. वसतिगृह आणि जेवण वेगळं.

प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उठले. “तुमच्याकडे प्रवेश घेतलेल्या सगळ्या मुलांपैकी किती जणांना नोकरी लागली?”

“खूप सुंदर प्रश्न, मॅडम,” सर म्हणाले. माझ्या अनुभवात, साक्षीदार प्रश्नाची स्तुती करायला लागला की उत्तर येत नाही. तसंच झालं. त्यांनी पडद्यावर एका मुलीचा फोटो आणला. नीट विंचरलेले केस, गळ्यात ओळखपत्र. “ही तुमच्याच जिल्ह्यातली, लांज्याची. आमच्याकडे शिकली आणि आज शिक्षणक्षेत्रातल्या एका नामांकित संस्थेत एक्झिक्युटिव्ह आहे. हायवेला तिच्या आईवडिलांचं काजूचं दुकान आहे. माझ्यावर नका विश्वास ठेवू, मॅडम. त्यांना जाऊन विचारा!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती, म्हणजे आता बस. मी बसले. पण मनात आलं, हा माणूस आपल्या साक्षीदाराचा पत्ता इतक्या खुशीने का देतोय?

त्या विद्यापीठाची स्वतःची प्रवेशपरीक्षा होती. घरबसल्या, मोबाइलवर. मुलीने दोन दिवस अभ्यास केला, खोलीचं दार लावून परीक्षा दिली आणि बाहेर येऊन पाणी पिते तोच निकाल आला. ती गुणवत्ता शिष्यवृत्तीला पात्र ठरली होती. पहिल्या वर्षाची निम्मी फी माफ. ती नाचायचीच बाकी होती. तिने ते सगळ्या मैत्रिणींना कळवलं, मोबाइलवर स्टेटसला लावलं, आणि बाबांना पाठवलं.

तिचे बाबा बोटीवर असतात. मालवाहू बोटीवर, इंजिनाकडे फिटर. नेटवर्क मिळालं की फोन करतात. त्या दिवशी फोन आला तेव्हा बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता. “बघ, आपल्या घरात कुणी असं मिळवलंय का कधी?” मी हो म्हटलं. हो म्हणताना विचार करत होते, की पेपर एवढ्या पटकन तपासला कोणी?

त्यानंतर फोन सुरू झाले. रोज संध्याकाळी मी कोर्टातून घरी येऊन हातपाय धुते न धुते तोच एका मुलीचा फोन. “गुड इव्हनिंग मॅम, मी प्रवेश विभागातून बोलतेय.” आवाज गोड, भाषा पुणेरी, वाक्यं घोटून घेतल्यासारखी. “मॅम, मुलांचं भविष्य आमच्याकडे सुरक्षित आहे.” “मॅम, जागा आता थोड्याच आहेत.” “मॅम, महिनाअखेरपर्यंत नोंदणी केली तरच शिष्यवृत्ती लागू राहील.” मी कधी हो म्हणत नव्हते, कधी नाही. ती कधी चिडत नव्हती. मी उलटसुलट प्रश्न विचारून तिला चाचपून बघायची, आणि ती दर वेळी आपल्या वाक्यांवर परत यायची.

एक दिवस तिचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होते. मे महिन्यात आम्ही कोकमाची सालं मीठ लावून उन्हात वाळवतो. पुण्या-मुंबईचे लोक त्यांना आमसुलं म्हणतात, आम्ही सोलं म्हणतो. तिचं वाक्य चालू असताना समुद्राकडून आभाळ काळं होऊन आलं.

“अहो, ठेवते मी,” मी म्हटलं. “वर सोलं घातली आहेत, पाऊस येतोय.”

“अगो बाय! आधी सोलं भरा काकू,” ती म्हणाली. “भिजली तर बुरा येईल सगळ्याला.”

मी मोबाइल कानाला लावून तशीच उभी राहिले. ती मॅमची काकू करून बसली होती. आणि तो सूर. त्या सुरात पुण्यात कुणी बोलत नाही. आपल्याकडच्या माणसाचं वाक्य शेवटी जरा लांबतं, ते आपल्याला ऐकूनच कळतं.

“तू कुठली गो?” मी विचारलं. “लांज्याची का? त्या फोटोतली?”

पलीकडे बऱ्याच जणी एकाच वेळी बोलत असल्याचा गलका ऐकू येत होता. गुड इव्हनिंग मॅम, गुड इव्हनिंग सर. मग ती अगदी हळू म्हणाली, “काकू, कॉल रेकॉर्ड होतात.” आणि फोन बंद झाला.

सोलं भिजली. मी पायरीवर बसून राहिले होते. ‘शिक्षणक्षेत्रातली नामांकित संस्था’ म्हणजे काय, ते मला आता कळलं होतं. त्यांनी आपल्याच विद्यार्थिनीला आपल्याच दारात फोनवर बसवलं होतं आणि तिचा फोटो पडद्यावर लावला होता. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, “बरं मग? नोकरीच आहे ना ती? आणि तुला कसं कळलं तीच आहे म्हणून? सोलं शब्दावरून?” खरंच, कोर्टात हा पुरावा टिकला नसता.

मग मी एक उद्योग केला. दुसऱ्या दिवशी कोर्टात जेवणाच्या सुट्टीत माझं माहेरचं नाव घालून मी ती प्रवेशपरीक्षा दिली. प्रश्न वाचलेच नाहीत. डबा खात खात प्रत्येक प्रश्नाला तिसरं उत्तर दाबत गेले. शेजारी बसणारी बाई विचारत होती, काय खेळताय. हात धुऊन येईपर्यंत निकाल आला. अभिनंदन! मीही गुणवत्ता शिष्यवृत्तीला पात्र होते. माझीसुद्धा निम्मी फी माफ.

मला आनंद झाला, हे सांगायला हवं. पकडल्याचा आनंद. संध्याकाळी मुलगी आंबा खात बसली होती, तिच्यासमोर मी मोबाइल धरला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. उठून हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, “तू हे केलंस?”

“मग काय करणार? पेपर तपासतच नाहीत गो ते. सगळ्यांनाच देतात.”

“तुला वाटतच नव्हतं ना, मी हुशार आहे म्हणून?”

“असं कुठे म्हटलं मी?”

“म्हणायला कशाला पाहिजे? पाठवायचं नाही तर सरळ तसं सांग. बाबा पाठवतील.” आणि ती आत गेली. मोबाइलवरचं स्टेटस तिने काढून टाकलं, पण माझ्याशी बोलणंही टाकलं. जेवायला हवं-नको एवढंच बोलायची.

तिच्या बाबांना मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते, मागे इंजिनाची घरघर. “हे बघ,” शेवटी म्हणाले, “कालचं पोर डिग्री घेऊन बोटीवर येतं आणि मला हुकूम सोडतं. मी ते ऐकतो. माझ्या मुलीला हे ऐकायला लागू नये.”

“अहो, पण परीक्षाच खोटी आहे.”

“परीक्षा खोटी असेल. डिग्री तर खरी आहे ना?”

मी स्वतः इथल्याच कॉलेजात बी.ए. झाले. तेव्हा फी इतकी थोडी असायची की वडील भरायला विसरायचे आणि कॉलेजातला क्लार्क घरासमोरून जाताना आठवण करायचा. नोकरी मला मिळाली ती डिग्रीवर नाही, दुकानावरच्या माडीत चालणाऱ्या लघुलेखनाच्या क्लासावर. पण नोकरीचा अर्ज करायला डिग्री लागलीच. डिग्रीची खरी किंमत काय, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आताही कळत नव्हतं. फक्त एवढंच दिसत होतं, की तेव्हा ती कळली नाही तरी कुणाचं घर बुडत नव्हतं.

“रविवारपर्यंत थांबा,” मी म्हटलं. “मी लांज्याला जाऊन येते. त्यांनीच सांगितलंय ना, जाऊन विचारा म्हणून.”

मुलीला बरोबर चल म्हटल्यावर ती आधी नको म्हणाली. मग म्हणाली, “येते. नाहीतर तू एकटी जाऊन त्यांची उलटतपासणी घेशील.”

हायवेचं काम चालू असल्यामुळे एसटी धक्के खात, धूळ उडवत गेली. ती खिडकीशी बसली होती, कानात गाणी. पालीच्या थांब्यावर मी चहा घेऊ का विचारलं, तर मान हलवली. लांज्याच्या स्टँडवर उतरून काजूचं दुकान विचारलं तर लोकांनी दोन-तीन दाखवली. पण “मुलगी पुण्याला आहे ते” म्हटल्यावर सगळ्यांचं बोट एकाच दुकानाकडे गेलं.

दुकानात फोटोतल्या मुलीची आई एकटीच होती. माझ्यापेक्षा वयाने थोडी मोठी असेल. पुड्या भरत होती. मागच्या भिंतीवर काजूच्या बरण्यांच्या वर तोच फोटो, चौकटीत बसवलेला, खाली विद्यापीठाचं नाव मोठ्या अक्षरांत. आम्ही कशाला आलोय ते सांगितल्यावर बाई लगबगीने स्टूल पुढे करून म्हणाली, “बसा हो वहिनी. डोळे झाकून पाठवा. मुलांचं भविष्य तिथे सुरक्षित आहे.”

मी स्टुलावर बसता बसता थबकले. माझी मुलगी मात्र माझ्याकडे विजयाने बघत होती.

बाई सांगत राहिली. सर चांगले, सोय चांगली, जेवण चांगलं, मुलगी खूश. कुठेही अडखळली नाही. पढवलेल्या साक्षीदाराला त्याच विषयावर कितीही विचारा, तो हलत नाही. वकील मंडळी त्याला भलतंच काहीतरी विचारतात. मी काजूची एक पुडी हातात घेऊन, दर बघितल्यासारखं करत विचारलं, “मुलगी घरी कधी येऊन गेली?”

“येईल आता,” बाई म्हणाली.

“शिमग्याला आली असेल.”

“नाही हो. शिमग्याला सुट्टी नाही मिळाली.”

“गणपतीत?”

बाईच्या हातातली पुडी अर्धीच भरलेली राहिली. आमच्याकडे माणूस कुठल्याही देशात असो, गणपतीला घरी येतो. बोटीवरची माणसं न येणं समजू शकतं. पुण्यातली मुलगी गणपतीला आली नाही, तर घरातलं मोठं काहीतरी बिघडलेलं असतं.

बाईने माझ्या मुलीकडे बघितलं. “तू काय शिकणार गो?”

“डेटा सायन्स,” मुलगी म्हणाली.

“आमची पण तेच. तिने मला सांगितलेन होतं काय असतं ते. तेव्हा समजलं होतं, आता सांगता नाही यायचं.” ती दुकानाच्या दाराशी जाऊन बाहेर कोणी नाही ना ते बघून आली. “तुला पण शिष्यवृत्ती मिळाली असेल.”

मुलीने मान खाली घातली.

“पहिल्याच वर्षाची असते ती. दुसऱ्या वर्षापासून पुरी फी. वर फी वाढवलीनी. शेवटच्या वर्षाचं आमच्याच्याने नाही पुरं पडलं. तर तिचे सगळे मूळ कागद त्यांनी ठेवून घेतलेनी. दहावी, बारावी, सगळे. कंपनी आली होती, हिला घेतपण होती; कागद नाहीत म्हणून दुसरीला घेतलं. मग सरच म्हणाले, इथे फोनवर बस, पगारातून फी कापून घेऊ. जेवढी मुलं आणशील तेवढं लवकर सुटशील.” बाई माझ्याकडे बघत नव्हती. “इथे कोण विचारायला आलं तर आम्ही काय सांगायचं, तेपण त्यांनीच सांगितलंय. आतापर्यंत सांगितलं हो. पण तुम्ही गणपतीचं विचारलंत.”

एवढं बोलून तिने डोळ्याला पदर लावला. मी बघत होते ते माझ्या मुलीकडे. ती उठली, दुकानाच्या आत गेली आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग तिने अर्धी राहिलेली पुडी घेतली आणि भरायला लागली.

आपल्याला हवं ते कबूल झालं, की कोर्टात माणसं सुटकेचा श्वास टाकतात. मला तसं काही झालं नाही. मी त्या बाईला म्हटलं, “वहिनी, मी वकील नाही. पण मुलांचे मूळ कागद असे अडकवून ठेवता येत नाहीत, एवढं मला नक्की ठाऊक आहे. तुम्ही मुलीच्या वडलांना घेऊन रत्नागिरीला या. मी चांगल्या वकीलबाईंकडे घेऊन जाते.”

ती लगेच हो म्हणाली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला ते बघणं ओळखीचं होतं. ही कोण, हिला काय मिळणार यातून, हिला त्या लोकांनीच तर पाठवलं नाही ना? “घरात विचारून सांगते,” एवढंच म्हणाली. काजूचे पैसे मी देऊ केले ते तिने चोख मोजून घेतले. मला बरं वाटलं.

परतीच्या एसटीत मुलीने कानात काही घातलं नाही. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, “ती परीक्षा तू दिलीस ना. मला आधी सांगितलं असतंस, तर आपण दोघींनी मिळून दिली असती.”

“तू दिली असतीस?”

“नसती दिली,” ती म्हणाली. “पण सांगायचंस तू.”

मी हो म्हटलं. हातखंब्याला एसटी बराच वेळ थांबली होती, तेवढ्यात तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. झोपली होती की नाही, कळलं नाही.

लांज्याहून बरेच दिवस फोन आला नाही. मी आशा सोडली होती. मग एक दिवस त्या मुलीचे वडीलच कोर्टाच्या आवारात येऊन उभे राहिले. अबोल माणूस, हातात आंब्याची करंडी. वकीलबाईंनी करंडी घेतली नाही, काम घेतलं. नोटीस गेली. विद्यापीठाचं उत्तर आलं, ते फार गोड होतं. दुसरी नोटीस गेली. मधेच त्या मुलीचं फोनवरचं काम बंद केलं, मग परत बोलावलं, मग एक साहेब लांज्याला येऊन दुकानात चहा पिऊन गेले. राहिलेली फी हप्त्याने द्यायचं लिहून दिल्यावर कागद परत मिळाले. फी माफ झाली नाही. त्या वर्षी ती गणपतीला घरी आली.

गणपती विसर्जन होऊन गेल्यावर ती आमच्या घरी आली. फोटोतल्यासारखी मुळीच दिसत नव्हती, बारीक झाली होती. तोवर माझी मुलगी इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला जायला लागली होती. तिथेही मी आधी जाऊन बघून आले होते. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर प्लॅस्टिकची कव्हरं होती, ती उचलून खाली धूळ आहे का ते बघितलं. शिकवणारे किती कायमचे आणि किती तासावर येणारे, ते विचारलं. निम्मे तासावरचे होते. तिथल्या बाईंनी मला विचारलं, “तुम्ही तपासणी समितीच्या आहात का?” फी मात्र परवडणारी होती, आणि फीचा तक्ता भिंतीवर कुणालाही वाचता येईल असा लावलेला होता.

दोघी मुली पडवीत बसून बोलत होत्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा माझी मुलगी विचारत होती, “म्हणजे शिकवत काहीच नव्हते?”

“असं नाही हां,” लांज्याची मुलगी म्हणाली. “एक मॅडम होत्या. काय शिकवायच्या! त्यांच्या तासाला बाहेरच्या वर्गातली मुलंपण येऊन बसायची. मला जे येतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं. त्यांनापण पगार वेळेवर नव्हता, गेल्या सोडून. मला तिथे गेल्याचा राग आहे. पण शिकले त्याचा नाही.”

मी कप ठेवला. या उत्तराची माझी तयारी नव्हती. सगळंच खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं. मग मी दोघींच्या समोर बसले आणि तिला विचारलं, “आता काय करणार?”

“घरून काम करते. एका काजूवाल्यांचाच हिशेब संगणकावर बसवून दिला. आणखी दोघांनी विचारलंय. आणि मुंबईला अर्ज केलाय, बघू.” मग हसून म्हणाली, “काकू, तुम्ही असं बघताय की मी खोटंच बोलतेय.”

“तिचं तोंडच तसं आहे,” माझी मुलगी म्हणाली. त्या दोघी हसल्या, मलाही हसू आलं.

मुलीचे बाबा सुट्टीवर आले तेव्हा नाराज होते. त्यांनी बोटीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांना मी लांज्याला घेऊन गेले नाही, समजावलंही नाही. मुलीनेच त्यांना कॉलेजात नेलं, आपली प्रयोगशाळा दाखवली, आपण लिहिलेला एक प्रोग्रॅम चालवून दाखवला. ते घरी येऊन म्हणाले, “शिकवतात वाटतं तिथे.” पण पुढे हेही म्हणाले, “पुढचं तरी बाहेर करू दे तिला.”

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी.साठी बाहेरगावच्या संस्था बघते आहे. तिच्या मोबाइलवर पुन्हा संध्याकाळचे फोन येतात, त्यांच्याशी तीच बोलते. परवा मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ती विचारत होती, “प्रवेश घेतलेल्या सगळ्यांपैकी किती? नाही, ते नाही विचारलं मी. सगळ्यांपैकी.” समोरचा बराच वेळ बोलला. ती ऐकून घेत होती, मधेच कागदावर काहीतरी लिहीत होती.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “तिथे बघायला जाशील तेव्हा मी येते बरोबर.”

“तू नको येऊस,” ती म्हणाली. “तू आलीस की माणसं घाबरतात आणि पाठ केलेलंच बोलतात.”

मला ते पटलं. तरी तिच्या बरोबर कोण जाणार, गाडी कुठली, उतरणार कुठे, हे मी विचारलंच. तिने सगळी उत्तरं दिली. एका उत्तराला जरा अडखळली, आणि मी पुढचं काही विचारलं नाही.